तुम्ही विचारलंत म्हणून : घुमणारा ॲम्प्लिफायर
जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो म्हटल्यावर मला नेहमी एकच प्रश्न येतो : "चालू केला की नुसता घूं आवाज येतो, कपॅसिटर बदलले की जाईल ना?" जाईलही, पण याच खात्रीने कपॅसिटर (वीज साठवून पुरवठ्यातले चढउतार सपाट करणारे भाग) बदलून मी स्वतः फसलेलो आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

सर्वांत आधी आवाजाचे बटण शून्यावर आणावे. तरीही घुमणे तेवढेच राहिले, तर दोष बटणाच्या पुढे आणि बहुधा वीजपुरवठ्याच्या भागात असतो. ते बटणाबरोबर कमी-जास्त होत असेल, तर आधी इनपुटची वायर पाहावी.

गिरगावातल्या आमच्या चाळीत वडिलांचा ॲम्प्लिफायर पंधरा वर्षे माळ्यावर पडून होता. तो थेट प्लगला न लावता मी 60 वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज त्याच्यातूनच पुढे जाईल असा जोडून चालू केला (या कामाला एलईडी उपयोगाचा नाही, म्हणून असे दोन बल्ब मी जपून ठेवले आहेत). बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंदावला, म्हणजे शॉर्ट नव्हता. मग थेट जोडणी करून मीटर लावला, तर एका बाजूला अधिक 35 व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला उणे साडेचौतीस. तक्रारीला जागाच नव्हती. मी लॅमिंग्टन रोडवरून 4700 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणून बसवले आणि घुमणे जसेच्या तसे राहिले. काढलेले कपॅसिटर मोजले, तर दोन्ही 4300 च्या वर भरले. अशा कपॅसिटरमध्ये वीस टक्क्यांचा फरक चालतो. म्हणजे मी धडधाकट माल काढून टाकला होता.

खरा दोष सापडला तो माझ्या बहिणीच्या कानामुळे. ती गाणे शिकलेली आहे. ट्रान्सफॉर्मरची थरथर आणि स्पीकरचे घुमणे ऐकून ती म्हणाली, "दादा, स्वर एकच आहे, पण स्पीकरमधला एक सप्तक खाली आहे." आपली वीज 50 हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मरचा गाभा तिच्या दुप्पट, म्हणजे 100 वेळा थरथरतो, आणि चार डायोडांचा ब्रिज (एसीचे डीसी करणारी जोडणी; डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो) लहरीचे दोन्ही अर्धे वापरत असल्याने पुरवठ्यातली उरलेली लहरही 100 चीच असायला हवी. ती 50 वर उतरली, याचा अर्थ एका डायोडकडून काहीच येत नव्हते. मीटर एसीवर ठेवून पाहिले, तेव्हा अधिक बाजूला साठेक मिलिव्होल्ट आणि उणे बाजूला त्याच्या दुपटीहून जास्त लहर दिसली. आधी मोजलेल्या डीसीच्या आकड्यात हे झाकले गेले होते.

प्लग काढून, प्रत्येक कपॅसिटरवर 100 ओहमचा 5 वॉटचा रेझिस्टर काही सेकंद धरून मी चार्ज उतरवला (स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडणे हा शूरपणा नव्हे) आणि बोर्ड उलटा केला. डायोड शाबूत होता. वर्षानुवर्षे तापून-निवून त्याच्या एका पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर गेली होती. भिंगाशिवाय ती दिसलीच नसती. जुने सोल्डर ओढून काढून नवा टाका घातला. आता ट्रान्सफॉर्मरला कान लावला तर त्याची थरथर तेवढी ऐकू येते. स्पीकर गप्प आहेत.