मसुदा वाचणारी माणसे

हरिपूरच्या पेवांवर मी पहिला शोधनिबंध लिहिला, तेव्हा मार्गदर्शकांखेरीज तो कोणीही वाचलेला नव्हता. जमिनीत खोल खणलेल्या, तोंड लहान आणि पोट मोठे अशा या पेवांत सांगलीची हळद साठवली जात असे आणि २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवे निकामी केली, एवढे मला ठाऊक होते. ते मांडायचे कसे, हे उमगत नव्हते.

गेली दोन वर्षे सांगली, मिरज, तासगाव आणि सातारा येथील आम्ही सात संशोधक दर रविवारी रात्री नऊ वाजता गूगल मीटवर एकत्र येतो आणि आधी वाचून ठेवलेल्या कोणा एकाच्या दोन-तीन पानांवर बोलतो. माझ्या मसुद्यात ‘कालांतराने पेवांचा वापर मोठ्या प्रमाणात घटला’ असे वाक्य होते. वनस्पतिशास्त्रात काम करणाऱ्या साताऱ्याच्या ताईंनी नेमके त्यावर बोट ठेवले: कालांतराने म्हणजे केव्हापासून, घटला हे कोणी सांगितले, आणि कारण पूर की शीतगृहे? माझ्याकडे एकाचेही उत्तर नव्हते. पुढचे तीन आठवडे मी हरिपुरात जुन्या अडत्यांना आणि पेवे भरणाऱ्या हमालांना भेटत राहिलो, तेव्हा त्या एका वाक्याची दीड पाने झाली. ताईंचा विषय वेगळा होता म्हणूनच ते वाक्य त्यांना खटकले, असे मला वाटते. आमच्या विषयातला माणूस सवयीने पुढे गेला असता.

प्रकाशनाच्या बाबतीत तर ही सोबत फारच मोलाची आहे. पीएचडीच्या प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमावलीने काढली, तरी नोकरीसाठी निबंध लागतातच. आणि २०२५ मध्ये यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद झाल्याचे जाहीर झाल्यापासून नियतकालिक पारखण्याचा भार संस्थांवर आणि आपल्यावर आला आहे. एका नियतकालिकाने माझा निबंध दोन दिवसांत स्वीकारून शुल्क मागितले, तेव्हा मी पैसे भरण्याच्या बेतात होतो. ते पत्र गटात टाकताच मिरजेच्या सरांनी जुन्या अंकांतील चार डीओआय क्रमांक, म्हणजे निबंधांचे कायमचे ऑनलाइन ओळख-क्रमांक, तपासले; एकही उघडला नाही. संपादक मंडळात नाव असलेल्या एका प्राध्यापकांना विचारले, तर त्यांना त्याची कल्पनाच नव्हती.

येत्या रविवारी तासगावच्या एका विद्यार्थिनीचा बेदाण्यावरचा मसुदा आहे. दुसऱ्या परिच्छेदाबद्दल मला स्वतःलाच शंका आहे, असे तिने पानांसोबत लिहिले आहे. तो परिच्छेद मी आज दोनदा वाचला.