मान वर ठेवून

मंगळवार, रात्र

सकाळी तलावावर पोचले तर भुरभुर पाऊस. गॉगल धुक्याने भरला म्हणून काढून टाकला आणि क्रॉल सोडून ब्रेस्टस्ट्रोकवर आले. हनुवटी पाण्याला टेकली. थेंब पडला की तिथे इवलासा खांब उभा राहतो, टोकावरून एक मणी सुटतो, की मिटलं. काठावरून पाहिलं तर पाणी नुसतं खडबडीत दिसतं.

घरी येऊन इंग्रज लेखक रॉजर डीकिनचं 'वॉटरलॉग' काढलं. तिसऱ्यांदा. त्याला ते पुस्तक सुचलं तेच मुळी अशा पावसात, इंग्लंडमधल्या सफकमध्ये, मेलिस गावातल्या घराजवळच्या खंदकात पोहताना. खंदक म्हटलं की आपल्याला किल्ला आठवतो. हा शेतघराचा खंदक, त्यात बेडूक नि पाणसरडे. अमेरिकी लेखक जॉन चीव्हरच्या एका कथेतला माणूस शेजाऱ्यांचे तलाव पोहत पोहत घरी निघतो, ती कथा डीकिनच्या डोक्यात होतीच. त्याने अख्खं ब्रिटन तसं पोहायचं ठरवलं. १९९६ मध्ये सिली बेटांपासून सुरुवात केली, मग नद्या, ओढे, समुद्र, डबकी. पुस्तक १९९९ मध्ये आलं.

पाण्याची पातळी हीच डोळ्यांची पातळी, हे त्याचं खरं भांडवल. बेडकाला जग जसं दिसत असेल तसं लिहायचं. पक्षी बिचकत नाहीत, कारण पाण्यातून वर आलेलं नुसतं डोकं त्यांना माणूस वाटत नसावं (हा माझा तर्क).

माणूस मात्र सरळ रेषेतला नव्हता. वडील रेल्वेत कारकून, रॉजर सतरा वर्षांचा असताना गेले. पुढे केंब्रिज, मग जाहिरातींचं काम. घरातल्या कोळशाच्या शेकोटीची एक गाजलेली जाहिरात-ओळ याच पाण्यातल्या माणसाची! नंतर शाळेत इंग्रजी शिकवलं. सोळाव्या शतकातलं मोडकळीला आलेलं घर घेऊन स्वतःच्या हातांनी उभं केलं, आणि झोपायला अनेकदा जायचा शेतातल्या जुन्या रेल्वे वॅगनमध्ये. वडिलांच्या रेल्वेशी याचा संबंध लावायचा मोह होतो. नको.

विंचेस्टरला इचेन नदीत पोहला तेव्हा त्याला हटकलं गेलं. तो हुज्जत घालत राहिला. नदी कुणाच्या मालकीची, हा त्याचा जुना राग. पण मला सर्वांत आवडतं ते कॉरीव्रेकनचं पान. स्कॉटलंडच्या जुरा आणि स्कार्बा बेटांमधला तो समुद्री भोवरा. १९४७ मध्ये जॉर्ज ऑर्वेल तिथे बुडता बुडता वाचला. डीकिन गेला, पाहिलं, आणि उतरला नाही. एवढं सगळं पोहलेल्या माणसाने ही माघार पुस्तकात ठेवली. एखाद्याने ते पानच गाळलं असतं.

आता तिकडे वाइल्ड स्विमिंगचे, म्हणजे नद्या-तळ्यांत, समुद्रात पोहण्याचे क्लब आहेत, पोहून आल्यावर घालायचे खास झगे आहेत, फोटो तर आहेतच. त्याचं श्रेय बरंचसं याच पुस्तकाला देतात. झग्यांचा दोष त्याला देऊ नये.

२००६ च्या ऑगस्टमध्ये मेंदूतल्या गाठीने गेला, त्रेसष्टाव्या वर्षी. झाडांवरचं 'वाइल्डवुड' २००७ मध्ये आलं, त्याने ते छापलेलं पाहिलं नाही. शेवटच्या सहा वर्षांच्या वह्यांमधून २००८ मध्ये आणखी एक पुस्तक निघालं. त्यात मुंग्या, कुंपणं, मांजर, कुरकुर, सगळं आहे. आपल्या मागे आपली रोजनिशी कुणी वाचेल या विचाराने मी आत्ताच वरची दोन वाक्यं खोडली. त्याने खोडली असतील असं वाटत नाही.

कोच म्हणतात, मान वर ठेवून पोहलीस की वेग जातो आणि मान धरते. धरली आहेच. आत्ता गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले आहे. उद्याही पावसाचा अंदाज आहे. गॉगल पिशवीत भरलेला नाही.