शेकरूला सोडायचं कुठे?

वनखात्याचा फोन आला तेव्हा आम्ही प्रयोगशाळेत डबे उघडत होतो. पुण्यातल्याच एका घरातून पिंजऱ्यात पाळलेलं शेकरू जप्त झालं होतं. "मॅडम, डीएनए करून सांगा, हे भीमाशंकरचंच ना? मग तिकडेच सोडतो."

प्रश्न रास्त होता. भीमाशंकर अभयारण्य 1985 सालचं, शेकरूसाठीच ओळखलं जाणारं. पण शेकरू कोकणातल्या फणसाडला आहे, कोयनेकडे आहे, पार मेळघाटातही आहे. हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीला फांदी लागलेली असेल तिथवरच त्याचं जग. मध्ये उघडा माळ किंवा शेतं आली की पलीकडच्यांशी सोयरीक संपली. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं की दोन्हीकडची जनुकं वेगळी होत जातात, आणि थोडीच शेकरं उरली असतील तिथे तर विविधता निव्वळ योगायोगानेही गळते. उलटंही घडतं. इंग्लंडच्या उत्तरेला किल्डरमध्ये सूचिपर्णी झाडांची मोठी लागवड झाली आणि तुटक जंगलांतल्या लाल खारी पुन्हा एकमेकींत मिसळल्या. जनुकं दूरवर पसरल्याचं 2001 साली प्रसिद्ध झालं. म्हणजे कुठली जंगलं जोडलेली आणि कुठली तुटलेली, यावर तिथली जनुकं ठरतात. त्यामुळे 'जंगल ते जंगल, कुठेही सोडा' हे मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी शेकरू ठेवलं होतं त्या प्राण्यांच्या केंद्रावर गेले. डॉक्टरांनी शेकरू टॉवेलमध्ये गुंडाळून धरलं, मी चिमट्याने पाठीवरचे केस उपटले. गळलेला केस फारसा कामाचा नाही. मुळाशी बारीक पांढरा ठिपका हवा, पेशी तिथे असतात. टॉवेलच्या घडीतून त्याचे नारिंगी दात दिसत होते, म्हणून माझी बोटं जरा लांबच. पाठ विटकरी, शेपटीचा टोकाकडचा भाग फिकट. "बघा, भीमाशंकरचंच!" वनरक्षक म्हणाला. त्याचा अंदाज वाईट नव्हता. मेळघाटाकडच्या शेकरूच्या अंगावर काळा रंग बराच असतो. पण रंग बघून कागदावर सही करायची माझी तयारी नव्हती.

पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा तुकडा पहिल्याच पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवताना, स्वच्छ आला. सह्याद्रीतल्या नमुन्यांशी जुळला, मेळघाटच्या नाही. इथवर सोपं. पण हा डीएनए फक्त आईकडून येतो आणि त्याच्यावरून शेजारच्या दोन डोंगरांतला फरक कळेलच असं नाही. त्यासाठी मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतले तीच अक्षरं पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, बघावे लागतात, दोन्ही पालकांकडून येणारे. ते शोधायचे आमचे मार्कर दुसऱ्या खारींवरून उसने घेतलेले. काही चालले, काहींनी जेलवर, जिथे डीएनएची पट्टी दिसायला हवी, नुसता काळोख दाखवला.

खरी अडचण तुलनेची होती. आमच्याकडे भीमाशंकरचे नमुने भरपूर, घरट्यांखालून वेचलेल्या लेंड्यांचे, फणसाडचे मोजकेच. संगणकाला विचारलं की हे शेकरू कुठलं, तर तो दिलेल्या यादीतलंच एक नाव देतो. हवा तो रंग नसला की दुकानदार असलेल्यातलाच जवळचा पुढे करतो ना, तसं. त्याने भीमाशंकर पुढे केलं. तेवढ्यावर विश्वास ठेवणारे रिपोर्ट मी पाहिलेत.

मी लिहिलं : सह्याद्रीचं, मेळघाटचं नाही, भीमाशंकर शक्य, पण खात्रीने सांगता येत नाही.

"म्हणजे सोडू की नको?" वनखात्याचे साहेब म्हणाले.

याचं उत्तर केंद्रातल्या मावशींनी आधीच शोधून ठेवलं होतं. "या, दाखवते." त्यांनी दाराशी शीळ घातली. शेकरू जाळीवरून सरसर खाली उतरलं, चक्क फरशीवर आलं आणि त्यांच्या हातातला शेंगदाणा घेऊन तिथेच बसून सोलायला लागलं. मावशींनी कोपऱ्यात डहाळ्या, पालापाचोळा ठेवला होता. जंगलातलं शेकरू एकटं असलं तरी अनेक घरटी बांधतं. याने एक काडीसुद्धा हलवली नव्हती. "बिबट्या, गरुड सोडा," डॉक्टर म्हणाले, "एखादं गावठी कुत्रंसुद्धा याला पहिल्या दिवशी धरेल."

तेव्हा सोडायचा विषय तिथेच संपला. रिपोर्ट मात्र साहेबांनी मागून घेतला, कारण खटल्यात हे शेकरू कुठून पकडलं हा मुद्दा राहतोच. भीमाशंकरच्या 'शक्य'वर सरकारी वकिलांचं भागत नाहीये म्हणे. पुढच्या तारखेला मला साक्षीला बोलावलंय, आणि फणसाडच्या नमुन्यांसाठी परवानगीचा अर्जही मी त्याच आठवड्यात टाकला.