ओंडिनी आणि इसांडल्वाना: झुलू राज्याच्या खुणा शोधताना

दक्षिण आफ्रिकेतील उलुंडी गावाजवळ ओंडिनी येथे झुलू राजा सेत्श्वायो याच्या राजवस्तीचा काही भाग पुन्हा उभारलेला आहे. तिथल्या गवताच्या घुमटाकार झोपडीचे दार इतके ठेंगणे आहे की रांगतच आत शिरावे लागते. मी घाई केली आणि कपाळावर टेंगूळ मिळवले. वाटाड्याने मला उजवीकडे बसवले, कारण ती बाजू पुरुषांची आणि डावी बायकांची. दारासमोरचा अगदी आतला भाग, म्हणजे उम्सामो, पूर्वजांचा असल्यामुळे तिकडे पाहुण्याने जाऊ नये. वारुळाच्या मातीची चोपलेली, शेणाने सारवून घोटलेली जमीन हाताला थंड आणि गुळगुळीत लागली.

ब्रिटिश-झुलू युद्धात ४ जुलै १८७९ रोजी ब्रिटिशांनी मूळ ओंडिनी जाळली. गवत आणि काठ्यांची राख झाली, पण त्याच आगीत मातीच्या जमिनी विटांसारख्या भाजून निघाल्या, म्हणूनच त्या पुढे उत्खननात सापडू शकल्या.

डर्बनहून एशोवे, मेलमथमार्गे यायला साडेतीन-चार तास धरावेत आणि मुक्काम उलुंडीतच करावा. त्याच दिवशी इसांडल्वाना डोंगराखालची रणभूमीही उरकण्याचा मोह मात्र टाळावा. त्याच युद्धात २२ जानेवारी १८७९ रोजी सुमारे वीस हजार झुलू योद्ध्यांनी तिथली ब्रिटिश छावणी उद्ध्वस्त केली. मधली 'छाती' समोरून भिडते आणि दोन 'शिंगे' बाजूंनी वळसा घालतात, ही त्यांची व्यूहरचना त्या डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिल्यावरच नीट उमगते. ब्रिटिश सैनिक जिथे पुरले, तिथे चुना लावलेल्या दगडांच्या राशी सर्वत्र दिसतात. झुलू योद्ध्यांचे स्मारक मात्र १९९९ साली झाले. शौर्याबद्दल मिळणाऱ्या माळेच्या आकाराचे ते कांस्यशिल्प चुकवू नये. सावली फारशी नाही, त्यामुळे टोपी आणि पाणी हवेच. स्थानिक वाटाड्याचे पैसे तर मुळीच वाचवू नयेत, कारण त्याच्याविना हे नुसते माळरान आहे.

एकाला भेटताना 'साउबोना', अनेकांना 'सानिबोनानी' म्हणावे. कुणी ज्वारीची बिअर देऊ केली, तर यजमान आधी स्वतः घोट घेतो, तोवर थांबावे आणि मग काळे मडके दोन्ही हातांनी घ्यावे.