जर्मनीतले बाळ आणि गावाकडची जन्मनोंद

पासपोर्ट हातात आहे म्हणजे आपली कागदपत्रे पूर्ण आहेत, असे बहुतेक जण धरून चालतात, आणि भारतात राहत असेपर्यंत त्यात फारसे काही अडतही नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा पासपोर्ट निघाला तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. जन्माचा दाखला घरात असला तरी कपाटाच्या तळाशी असे, कारण तो कोणी मागतच नसे. जर्मनीत संसार मांडल्यावर, आणि विशेषतः इथे मूल जन्माला आल्यावर, चित्र पार बदलते. इथले जन्म-विवाह नोंदणी कार्यालय, म्हणजे श्टांडेसआम्ट, आईवडिलांचे पासपोर्ट पाहते, पण त्यावर थांबत नाही. त्याला दोघांच्या जन्माचे दाखले हवे असतात, विवाहाचा दाखला हवा असतो, शपथबद्ध भाषांतरकाराने केलेली त्यांची जर्मन भाषांतरे हवी असतात, आणि या सर्वांतील नावे एकमेकांशी जुळावी लागतात. आम्ही नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये राहतो. आमच्या दोन्ही मुलांचा जन्म इथलाच, आणि त्यांच्या कागदपत्रांच्या निमित्ताने एक गोष्ट मला पक्की कळली: परदेशातल्या कुटुंबाच्या प्रत्येक कागदाचे मूळ महाराष्ट्रातल्या एखाद्या नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत असते. ते मूळ पक्के नसेल तर वरचे सगळे डळमळते.

आता जन्माच्या दाखल्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण अडचणीची सुरुवात इथूनच होते. रुग्णालय जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आत देते, आणि ती बहुधा बारशाच्या आधीच जाते. त्यामुळे 1980 च्या दशकातल्या असंख्य नोंदींत आईचे नाव, वडिलांचे नाव, तारीख, लिंग सर्व काही आहे, फक्त बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे. माझ्या यजमानांची नोंद अशीच होती. नोंदवहीत ‘मुलगा’ एवढेच लिहिलेले, पुढे मोकळी जागा. शाळेत नाव घातले ते आजोबांच्या सांगण्यावरून, दहावीचे प्रमाणपत्र त्यावर, पॅन कार्ड त्यावर, पासपोर्टही त्यावर. इतकी वर्षे कुठेही अडले नाही. जर्मन अधिकाऱ्यापुढे मात्र नाव नसलेला दाखला ठेवणे म्हणजे हा दाखला याच माणसाचा आहे हे वेगळे सिद्ध करणे आले. सासऱ्यांनी सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावच्या कार्यालयात अर्ज, शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र देऊन नाव नोंदवून घेतले आणि मराठी-इंग्रजी असा दोन भाषांतला नवा दाखला पाठवला. ज्यांची नोंदच झालेली नसते, त्यांचा रस्ता याहून लांबचा असतो: आधी जन्मनोंद आढळत नसल्याचा दाखला, मग दंडाधिकाऱ्यांचा आदेश, आणि त्यानंतर विलंबाने केलेली नोंद.

दाखला मिळाला म्हणजे तो इथे मानला जाईल असेही नाही. परदेशी कागदपत्रे प्रमाणित करण्यासाठी हेग करारानुसार अपोस्टिल नावाचा शिक्का चालतो आणि भारत 2005 पासून या करारात आहे, म्हणून इंग्लंडला किंवा नेदरलँड्सला जाणारा माणूस अपोस्टिल करून निश्चिंत होऊ शकतो. जर्मनीने मात्र भारताच्या समावेशाला आक्षेप नोंदवला, त्यामुळे आमच्या कामात या शिक्क्याचा उपयोग नाही. त्याऐवजी श्टांडेसआम्टला शंका आली, तर ते भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी मागवते. वकिलातीने नेमलेला विश्वासू वकील प्रत्यक्ष नोंदणी कार्यालयात जाऊन मूळ नोंदवही पाहतो, गरज वाटल्यास घरच्यांशी किंवा शेजाऱ्यांशी बोलतो आणि अहवाल देतो. याचा खर्च कुटुंबाने करायचा असतो आणि त्यात महिनोन्‌महिने जातात. परक्या देशाच्या वकिलातीने पाठवलेला माणूस दारात उभा राहिला की गावाकडची वडीलधारी माणसे बावरतात, हे ध्यानात घेऊन आम्ही सासू-सासऱ्यांना सगळे आधीच समजावून सांगितले होते. ‘मुलगा काय करतो, लग्न कुठे झाले, सून कुठली’ हे प्रश्न साधे असतात, पण कशासाठी विचारले जात आहेत हे माहीत नसेल तर मनात भलतेसलते येते.

पडताळणी होईपर्यंत बाळाचा नेहमीचा जन्मदाखला मिळत नाही. मिळतो तो नोंदवहीचा प्रमाणित उतारा, आणि त्यात आईवडिलांची ओळख कागदोपत्री सिद्ध झालेली नाही अशा अर्थाची टीप असते. ती टीप वाचून आईच्या मनाला लागते, हे मी स्वतः अनुभवले आहे. तरीही नव्या आईवडिलांना मी आवर्जून सांगेन की हा उतारा कायद्याने जन्मदाखल्याच्या जागी चालतो. बालकभत्ता, आरोग्य विमा, पालकत्वाच्या रजेचे पैसे ही कामे त्यावर होतात. तो हाती आला म्हणून हातपाय गाळून बसू नये, पुढची कामे सुरू करावीत.

नावाचा प्रश्न मात्र याहून खोल आहे, आणि तो खास आपल्या मराठी माणसांचा आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली रीत. जर्मन अर्जात रकाने दोनच, नाव आणि कुलनाम. मधले नाव इथे बाळाचेच दुसरे नाव म्हणून नोंदवले जाते, आणि एकदा नोंदले की ते इथल्या प्रत्येक कागदावर येते. इकडे जन्मदाखल्यावर जे लिहिले जाईल तेच भारतीय पासपोर्टवर उमटेल, म्हणून वडिलांचे नाव घालायचे की नाही हे बाळंतपणाला रुग्णालयात जाण्याआधी ठरलेले असावे. रुग्णालय आठवड्याभरात जन्माची माहिती कळवते आणि नावही तेव्हाच विचारते. मात्र नाव ठरले नसेल तर ते महिन्याभरात कळवण्याची कायद्यात सोय आहे, आणि बाराव्या दिवशीचे बारसे त्यात सहज बसते. थोरल्याच्या वेळी आम्ही हीच सवलत घेतली आणि आजीने व्हिडिओ कॉलवर बाळाच्या कानात नाव सांगितल्यानंतरच ते कागदावर गेले. दरम्यान महाराष्ट्र शासनानेही 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांसाठी मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. आईचे नाव आले याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्यांचे बिऱ्हाड पुढे परदेशात जाण्याची शक्यता आहे त्यांनी चार शब्दांचे नाव सगळीकडे एकाच क्रमाने आणि एकाच स्पेलिंगने लिहिले जाईल, याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना तर दुप्पट दक्ष राहावे लागते. जन्मदाखल्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, आणि या दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे विवाहाचा दाखला. ज्यांनी नाव बदलल्याची जाहिरात शासनाच्या राजपत्रात दिली आहे त्यांनी राजपत्राची ती प्रत जपून ठेवावी. भारतीय पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदलणे मुळीच सक्तीचे नाही. माझे मत विचाराल तर, परदेशी जाण्याच्या तोंडावर केवळ रीत म्हणून पासपोर्टवरचे नाव बदलू नये. बदलायचेच असेल तर बँक, पॅन, आधार आणि पासपोर्ट सर्व ठिकाणचे काम पूर्ण करून मगच विमानात बसावे.

श्टांडेसआम्टचे काम झाले की भारतीय बाजू सुरू होते, आणि इथे एका मुदतीकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 4 नुसार 3 डिसेंबर 2004 पासून परदेशात जन्मलेले मूल आईवडील भारतीय आहेत म्हणून आपोआप भारतीय ठरत नाही. जन्मानंतर एका वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये नोंद करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे जाहीर करावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. आमच्या राज्याचे काम फ्रँकफर्टच्या कॉन्सुलेटकडे असते. जन्मनोंद आणि पहिला पासपोर्ट यांचे अर्ज ऑनलाइन भरून, छापून, दोन्ही पालकांच्या सह्यांनिशी द्यायचे असतात.

छायाचित्राचा प्रसंग इथे लिहितेच, कारण नवे आईवडील तेच सर्वात जास्त विचारतात. पार्श्वभूमी पांढरी, डोळे उघडे, तोंड मिटलेले, आणि चौकटीत आईवडिलांचे बोटही दिसता कामा नये. आठवडे दोन आठवड्यांच्या बाळाकडून हे मिळवायचे म्हणजे चिकाटी हवी. खिडकीजवळच्या पलंगावर इस्त्री केलेली पांढरी चादर घातली, दूध पाजून बाळ जागे आणि तृप्त असताना निजवले, कानामागे सावली पडू नये म्हणून दिवसाच्या उजेडातच, वरून सरळ खाली कॅमेरा धरून छायाचित्रे घेतली. अंगठ्याच्या ठशाला याउलट झोपलेले बाळ बरे. घट्ट मिटलेली मूठ गाढ झोपेत आपसूक सैल होते. अंगठ्यावर शाई अगदी हलकी टेकवायची, आधी साध्या कागदावर एक ठसा घेऊन जास्तीची शाई उतरवायची आणि मग अर्जाच्या चौकटीत दाबायचे. शाई पुसायला कोमट पाणी आणि खोबरेल तेल जवळ ठेवावे.

लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. तो हातात येताच निवास परवान्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जावे लागते. इथे जन्मलेल्या बाळासाठी हा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करावा. या कार्यालयाची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळणे हेच मोठे काम असते, म्हणून पासपोर्टची वाट न पाहता ईमेलने अर्ज नोंदवून पोच जपून ठेवावी. आजी-आजोबांना नातवंड दाखवण्याच्या ओढीने काही कुटुंबे पासपोर्ट आला की लगेच तिकिटे काढतात. भारतात जायला तो पुरतो, परत यायला मात्र बाळाचा परवाना लागतो. नाहीतर भारतातल्या जर्मन वकिलातीत व्हिसासाठी रांग लावावी लागते आणि एक पालक कामावर परतून दुसरा बाळासह तिकडेच अडकतो. परवान्याऐवजी तात्पुरते प्रमाणपत्र हाती असेल तर त्यावर कोणत्या उपकलमाची खूण आहे हे नीट पाहावे. जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 मधील चौथ्या उपकलमाची खूण असेल तर जुना परवाना चालू धरला जातो आणि परत येता येते. तिसऱ्याची असेल तर देशाबाहेर जाऊन त्यावर परतता येत नाही.

धाकटीच्या वेळी सगळेच वेगळे होते. 27 जून 2024 पासून जर्मनीचा नवा नागरिकत्व कायदा लागू झाला. त्यानुसार आई किंवा वडील यांपैकी एक जण पाच वर्षे कायदेशीररीत्या इथे राहत असेल आणि त्याच्याकडे कायमचा निवास हक्क असेल, तर बाळ जन्मतःच जर्मन नागरिक होते. आधी ही अट आठ वर्षांची होती. त्यामुळे एकाच घरात थोरला भारतीय आणि धाकटी जर्मन. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व मानते, म्हणून ‘दोन्ही पासपोर्ट ठेवा की’ असा सल्ला ओळखीचे लोक सहज देतात. तो ऐकू नये. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि कॉन्सुलेटमध्ये करायचे ते जाहीर निवेदन खोटे ठरेल असे पाऊल मुलांच्या नावाने उचलणे मला मान्य नाही.

म्हणून धाकटीसाठी आम्ही ओसीआय कार्ड घेतले, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते कार्ड. त्यावर भारतात कितीही वेळा, कितीही दिवस जाता येते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे जमीन असलेल्या आजोबांच्या मनात हा प्रश्न पहिला आला. वारसाहक्काने आलेली शेतजमीन ओसीआय कार्डधारकाला घेता येते, हे कळल्यावर त्यांना बरे वाटले. मुलीचा जर्मन पासपोर्ट दर वेळी बदलला की नवा पासपोर्ट आणि छायाचित्र ऑनलाइन चढवायचे. 2021 च्या सुधारणेनंतर कार्ड नव्याने काढावे लागते ते वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यावर निघणाऱ्या पासपोर्टच्या वेळी, एकदाच.

आम्हा दोघांच्या पासपोर्टचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येते, आणि ते तेव्हाच करावे, कारण इथला परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. अशा वेळी पोलीस चौकशी कधीकधी गावाकडच्या कायमच्या पत्त्यावर जाते. सासऱ्यांकडे आम्ही आमच्या पासपोर्टच्या, परवान्याच्या आणि नोकरीच्या पत्राच्या छायाप्रती एका पाकिटात घालून ठेवल्या आहेत, आणि गावातले पोलीस पाटील व शेजारचे काका यांनाही आम्ही कुठे असतो ते सांगून ठेवले आहे. सोबत दोघांच्या जन्मदाखल्यांच्या आणि विवाहाच्या दाखल्याच्या प्रत्येकी तीन-चार मूळ प्रती नगरपरिषदेतून काढून आणल्या आहेत. यंदा भारतात गेलो की माझ्या धाकट्या भावाच्याही काढून घेणार आहोत, कारण त्याचेही म्युनिकला जायचे ठरते आहे.