पँट क्रमांक तीन: आसन, प्लीट आणि उसवलेली उजवी बाजू

मंडळी, जुन्या धाटणीची, घरीच शिवायला घेतलेली तिसरी पँट अंगावर चढली. निम्मी काजं राहिली आहेत, मागे एक जागा रुसून बसली आहे, पण आरशासमोर उभं राहिलं की १९४०च्या आसपासची वाटते आणि मुख्य म्हणजे नाटकातला पोशाख वाटत नाही. आधीच्या दोन्ही वाटत होत्या. त्या का फसल्या ते आधी सांगतो.

पहिलीत मी आजच्याच कापाला जुने दागिने घातले होते. पायाला रुंद दुमड, पुढे दोन-दोन प्लीट (कमरेला घातलेल्या चुण्या), गॅलिसची, म्हणजे पँट खांद्यावरून धरणाऱ्या पट्ट्यांची, सहा बटणं, सगळं होतं. आसन, म्हणजे जांघेपासून कमरेपर्यंतची उंची, मात्र माझ्या रोजच्या पँटचं, पुढून साडेनऊ इंच. गॅलिस ताणले की जांघेत रुतायची, सैल केले की जाकिटाखालून शर्टाची चार बोटं पट्टी डोकावायची. पाच-सहा वेळा गॅलिस कमी-जास्त करून पाहिले, मग लक्षात आलं की बिचाऱ्या गॅलिसचा काही दोष नाही.

दुसरीत आसन पावणेतेरा इंच घेतलं, म्हणजे कंबर थेट बेंबीच्या रेषेत. हे जमलं. पण कापड घेतलं मीटरला २८० ग्रॅमचं, आजच्या सुटांना चालतं तसं. घरेदार पाय आणि हलकं कापड म्हणजे चालताना पँट नडगीला लपेटते आणि प्लीट हवेत उघडतात. १९३०च्या दशकातल्या सुटांचं कापड यार्डाला १६ ते १८ औंस असणं नेहमीचं होतं, मीटरच्या हिशेबात जवळजवळ ५०० ते ५६० ग्रॅम. त्या वजनामुळेच तो पाय कमरेपासून बुटापर्यंत सरळ लोंबतो. जुन्या फोटोंत जी ऐट दिसते, ती अर्धीअधिक वजनाची आहे. कापातून ती काढायला गेलात तर हाती लागत नाही.

म्हणून यावेळी ४३० ग्रॅमची राखाडी फ्लॅनेल, म्हणजे मऊ लवदार लोकरीचं कापड, घेतली. त्याहून जड मिळत होती, पण माझ्या मशीनला कमरेच्या चार थरांत दम लागला असता.

बेतणं

कापायच्या आधी कापड वाफेच्या इस्त्रीने आटवून घेतलं. एका मीटरमागे दीड सेंटिमीटर गेलं. पावणेतेराचं आसन पुढे पहिल्या धुलाईत साडेबारा झालं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे, म्हणून हे आधी.

मागच्या मधल्या शिवणीला वरच्या बाजूला दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, सोडली, खाली सीटकडे निमुळती होत गेलेली. जुन्या मापाच्या कपड्यांची ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. आज तयार मिळणाऱ्या बऱ्याच पँटींत अर्धा इंचसुद्धा माया नसते, त्यामुळे पोट वाढलं की पँट बाद. जुने कपडे सत्तर-ऐंशी वर्षांनी आजही कुणाच्या ना कुणाच्या अंगावर चढतात, त्यात या आत दडवलेल्या कापडाचा वाटा मोठा आहे. उसवा, सोडा, पुन्हा टीप मारा.

मागची कंबर मध्यात उंच नेऊन दोन टोकं काढली, माशाच्या शेपटीसारखी, एकेका टोकाला एक बटण. ही टोकं शोभेची नाहीत. गॅलिस पाठीवर जिथे येतात तिथपर्यंत कापडच वर गेल्यामुळे वाकलं तरी कंबर मागून खाली उतरत नाही. पुढची चार बटणं दोन जोड्यांत लावली. प्रत्येक बाजूचं पहिलं बटण बरोबर मुख्य प्लीटच्या वर, दुसरं तिथून तीन इंचांवर खिशाकडे. कमरेला अर्ध्या-पाऊण इंचाची ढिलाई ठेवली, कारण ही पँट कमरेने धरायची नाही, खांद्यावरून टांगायची आहे. पट्ट्यासाठीच्या लुपा अजिबात नाहीत. लुपाही आणि गॅलिसची बटणंही, असं दोन्ही लावणाऱ्यांशी माझं भांडण नाही, फक्त पटत नाही.

प्लीटचा घोळ

आता खरी कथा. प्लीट दोन दिशांना घालता येतात. घडीचं तोंड मधल्या बटणपट्टीकडे असेल तर ती ब्रिटिश पद्धत, खिशाकडे असेल तर उलटी, तिला इटालियन म्हणतात. मला पहिली हवी होती. रात्री साडेअकराला पुढचे दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले आणि खडूने बाण काढले. दोन्हींवर एकाच दिशेला! डावा-उजवा तुकडा एकमेकांचं प्रतिबिंब असतो हे मला शाळेपासून माहीत आहे. त्या रात्री नव्हतं.

कच्चे टाके घातले, वरून टीप मारली, कमरपट्टाही जोडून टाकला. सकाळी इस्त्रीची घडी घालायला बसलो तर डाव्या पायाची घडी प्लीटमध्ये नीट जाऊन मिळते आणि उजव्या पायाची घडी वर येता-येता प्लीटपासून इंचभर बाजूला पडते. आधी वाटलं इस्त्री चुकली. पुन्हा ओली केली, पुन्हा घातली, तेच. मग दोन्ही प्लीटवरून बोट फिरवलं. डावीकडे बोट बटणपट्टीकडून खिशाकडे सरकताना घडीच्या कडेला अडतं, उजवीकडे अलगद वरून घसरतं. तिथे खाली बसलो.

कमरपट्ट्याची उजवी बाजू उसवली, अस्तर सोडवलं, प्लीट उलटवली. फ्लॅनेलवर जुन्या टिपेची भोकं दिसतात, ती नखाने घासून आणि वाफ देऊन बुजली. वर्स्टेडवर, म्हणजे गुळगुळीत विणीच्या लोकरी कापडावर, बुजली नसती, तेव्हा नवशिक्यांनी फ्लॅनेलच घ्यावी असं माझं आता ठाम मत आहे. दोन संध्याकाळी गेल्या.

दुमड ठेवावी की नको

यावर मी बराच रेंगाळलो. पावणेदोन इंची दुमडीला एकेका पायाला चार-साडेचार इंच जास्तीचं कापड लागतं. हे गणित मांडलं की ब्रिटनने १९४२ मध्ये युद्धकाळातल्या काटकसरीच्या नियमांत पुरुषांच्या पँटच्या दुमडीवर बंदी का आणली ते कळतं. कपड्यांचं रेशनिंग तर १ जून १९४१ पासूनच सुरू होतं, माणशी वर्षाला ६६ कुपनं, त्यातली २६ एका सुटात जायची. खिशांची संख्यासुद्धा ठरवून दिलेली. पुरुषमंडळी या दुमडीवरूनच सर्वांत जास्त चिडली, काहींनी मुद्दाम लांब पाय घेऊन घरी दुमडले, आणि १९४४ मध्ये ही बंदी उठली. रेशनिंग मात्र १९४९ पर्यंत टिकलं.

म्हणजे ‘१९४०च्या दशकातली पँट’ म्हणताना नेमकं साल आणि देश विचारायला हवा. १९४३ ची ब्रिटिश पँट हवी असेल तर दुमड चूक. त्याच काळात अमेरिकेतही लोकरीवर निर्बंध होते आणि तिथे झूट सूट घालणारी पोरं गुडघ्याशी फुगलेल्या पँटी आणि मांडीपर्यंतचे कोट मिरवत होती. एवढं कापड अंगावर घालणं हाच देशद्रोह ठरवून जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नौसैनिकांनी मेक्सिकन-अमेरिकन तरुणांना रस्त्यात गाठून मारलं, कपडे फाडले. चार इंच कापडाचा विचार करताना हे डोक्यात येतंच.

मी दुमड ठेवली. माझी पँट १९३८ ची आहे असं ठरवून टाकलं.

चेन की बटणं

मागच्या वेळी काहींनी विचारलं होतं की चेन का नाही. चेन लावली असती तरी काळाशी गद्दारी झाली नसती, १९३०च्या दशकातच ती उंची पँटींत आली होती. पण एवढ्या लांब आसनात धातूची चेन बसताना वळत नाही आणि पुढे फुगा येतो. म्हणून बटणं. काजं हाताने, एकेक चाळीस मिनिटांचं. चार झाली, तीन राहिली. पहिल्या काजाकडे बघू नका.

अस्सलपणाच्या बाबतीत मी दिवसेंदिवस सैल होत चाललोय, हेही कबूल करतो. लंडनच्या टेडी बॉइजचं, म्हणजे १९५०च्या दशकातल्या त्या नटव्या पोरांचं बघा. सातव्या एडवर्डच्या, म्हणजे १९०१ ते १९१० या काळातल्या कापाचं पुनरुज्जीवन युद्धानंतर लंडनच्या सॅव्हिल रो या उंची शिंप्यांच्या रस्त्यावरच्या शिंप्यांनी श्रीमंत तरुणांसाठी केलं. ते कामगार वस्तीतल्या पोरांनी उचललं, त्याला अमेरिकन धाटणीचा लांब सैल कोट आणि जाड क्रेप सोलचे बूट जोडले, आणि १९५३ पर्यंत वर्तमानपत्रांत ‘टेडी’ हे नावही रुळलं. एडवर्डच्या काळातला माणूस त्यांना बघून दचकला असता. १९७०च्या दशकात पुन्हा टेडी बॉइज आले, ते या १९५०च्या पोरांची नक्कल करत. माल्कम मॅकलॅरेन आणि व्हिव्हिएन वेस्टवूड यांनी १९७१ मध्ये किंग्ज रोडवर जे दुकान थाटलं, ते सुरुवातीला याच गिऱ्हाइकांसाठी. नकलेची नक्कल, आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवं शिरलेलं. त्यामुळे माझ्या कमरपट्ट्याच्या आत आजचं चिकटवायचं इंटरलायनिंग (कापडाला ताठ ठेवणारा आतला थर) आहे म्हणून मला झोप लागत नाही असं नाही. कोटाच्या छातीत ते कधीच घालणार नाही, काही वर्षांनी फोड आल्यासारखं सुटतं. पँटच्या पट्ट्यात चालतं.

आजची स्थिती

काल पहिल्यांदा चार तास घालून वावरलो. जिना चढलो, मांडी घालून बसलो, खाली पडलेली टाचणी वाकून उचलली. कंबर जागची हलली नाही. पहिल्या तासात बरगडीखाली काहीतरी आहे याची जाणीव राहते, नंतर विसरायला होतं. संध्याकाळी रोजची पँट चढवली तर घसरतेय असंच वाटत राहिलं, हात सारखा कमरेला.

उरलेली कामं: तीन काजं, खिशाच्या तोंडाला मजबुतीचे टाके, आणि सीटखाली डावीकडे पडणारी एक तिरकी सुरकुती. माझा संशय असा की मागचा पाय आतून पाव इंच आखूड बेतला गेला, कारण उजवीकडे नाही. उसवून वाफेने ताणून बघतो. नाहीच जमलं तर मायेतून थोडं सोडीन, दीड इंच आहे तिथे. कुणाला अशी एकाच बाजूची सुरकुती आली असेल तर काय केलंत ते जरूर कळवा, पण मशीनला हात लावायला मला रविवारच मिळणार आहे.