चंदीगडमध्ये पायी निघालो त्याची गोष्ट

शिमल्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. माल रोड, गर्दी, फोटो, थंडी, परत. तिकडे जाताना वाटेत थांबलो ते चंदीगड मात्र अजून डोक्यातून जात नाही.

हे शहर सेक्टर नावाच्या, नंबर दिलेल्या भागांत वाटलेलं. हॉटेल सेक्टर 22 मध्ये, म्युझियम सेक्टर 10 मध्ये. मधला जनमार्ग नावाचा रस्ता नाकासमोर सरळ, फुटपाथ ऐसपैस आणि अखंड, वर झाडांची सावली, नोव्हेंबरची दुपार. पुणेकराला आणखी काय हवं? रिक्षा नाकारली आणि निघालो.

थोड्याच वेळात जीव विटला. उजवीकडे गाड्या सुसाट, डावीकडे भिंत, नाहीतर कुंपण, नाहीतर झाडी. टपरी नाही, दार नाही, ओटा नाही, पत्ता विचारायला माणूस नाही. चालतोय, पण पुढे सरकल्यासारखं वाटतच नाही. बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात तुळशीबाग फिरून, चहा पिऊन घरी पोचलो असतो." माझ्या मते अंतर तेवढंच असावं. पण लक्ष्मी रोडवर फुटपाथ नावालाच असला तरी दर चार पावलांवर बघायला काहीतरी असतं, आणि कंटाळा आलाच तर शिरायला एखादा बोळ असतो.

इथे बोळ नाहीत, आणि ते मुद्दाम. फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएने 1950 च्या दशकात शहर आखलं तेव्हा एकेक सेक्टर 800 बाय 1200 मीटरचा धरला. जलद रहदारीच्या रस्त्यावर एकाही घराचं दार उघडणार नाही, असा नियम केला. सेक्टरमध्ये शिरायच्या वाटा चारच, साधारण प्रत्येक बाजूच्या मध्यावर. गाडीला हे उत्तम. मध्ये कोणी आडवं येत नाही. पायी माणसाला मात्र तेवढा काठ मुकाट तुडवावा लागतो. मोठ्या चौकांत गोलाला वळसा घालायचा तो वेगळाच. मटका चौकात आम्ही दोघं हात धरून पळालो, आणि या वयात ते शोभत नाही.

(करमणूक म्हणून सेक्टरांच्या नंबरांची बेरीज केली. समोरासमोरचे 22 आणि 17 मिळून 39. पुढे 16 आणि 10 मिळून 26. शहराच्या जुन्या भागात वरखाली लागून असलेल्या बहुतेक सेक्टरांची बेरीज 13 च्या पटीत येते, आणि 13 नंबरचा सेक्टर मूळ आराखड्यातून गाळलेला! रस्त्यावर बघायला काही असतं तर हे सुचलंही नसतं.)

म्युझियममधली गांधार शिल्पं बघून सगळा राग गेला. परतताना मोठा रस्ता टाळून सेक्टर 10 च्या आतल्या बागेतून निघालो, मध्य मार्ग ओलांडला आणि सेक्टर 16 च्या रोझ गार्डनमध्ये शिरलो. बागांचा हा हिरवा पट्टा सेक्टरांच्या पोटातून जातो, आणि शहरातली चालणारी माणसं सगळी तिथे! स्वेटर घातलेल्या आज्या, हात जोरजोरात हलवणारे निवृत्त साहेब, बाकावर भुईमुगाच्या शेंगा. कोणीही थांबून बोलतं. तुम्ही गेलात तर आतूनच चाला, बाहेरच्या रस्त्याचं नावही काढू नका.

एक सरदारजी काका रोज सेक्टर 35 मधून फिरायला येतात म्हणाले. एवढ्या लांबून चालत?

"ना जी, गड्डी विच." म्हणजे गाडीने!